जांभळ्यातून केशरीत: एका फ्लेक्सवाल्यास खुले पत्र

रा. रा. ग्रेडियंटराव,
मु. पो. बत्तीस शिराळा, यांस,



पत्रास कारण की, नागपंचमीच्या आधी एसटी स्टँडाजवळ लागलेला आपला वीस बाय दहाचा फ्लेक्स पाहण्याचं भाग्य लाभलं. लाभलं म्हणजे टाळता आलं नाही. पेठेकडून येणारी गाडी वळली की तो समोर येतो, आणि माणसाला खिडकीबाहेर बघायची खोड असते.

आपलं खरं नाव मला ठाऊक आहे. साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे, कारण फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात आपण ते मोबाइल नंबरासकट छापता आणि त्या एवढ्याशा नावालाही सोनेरी शेड देता. पण इथं ते लिहीत नाही. आपली बदनामी करायची नाही, आणि फुकटची जाहिरात तर मुळीच करायची नाही. शिवाय आपण काही एकटे नाही. पेठ नाक्यापासून कोकरूडपर्यंत प्रत्येक वेशीवर आपले गुरुबंधू माउस धरून बसलेत.

बरं, आता 'आपण'वरून खाली उतरतो. वयानं तू माझ्या पुतण्याएवढा. दुकानात गेलो की 'काका, खुर्ची घ्या' म्हणतोस, चहा सांगतोस. म्हणूनच तोंडावर बोलवेना आणि हे पत्र लिहावं लागलं.

तर तो फ्लेक्स. वरून जांभळा, खाली येता येता केशरी. मध्ये फणा काढलेला नाग, त्याच्या अंगावर हिरव्यातून निळ्यात जाणारी शेड. नागाच्या मागं पिवळा गोल उजेड, मधोमध पांढराफेक आणि कडेला विरत गेलेला. वरच्या ओळीत साहेब, दादा, भाऊ, आण्णा. प्रत्येकाचा फोटो गोलात, आणि प्रत्येक गोलाला स्वतःची निराळी रंगछटा, म्हणजे कुणी कुणाला कमी लेखायला नको. खालच्या ओळीत शुभेच्छुकांची पलटण. आणि या सगळ्यावर 'नागपंचमीच्या हार्दिक शुभेच्छा' ही सोनेरी अक्षरं, उन्हात ठेवलेल्या काकवीसारखी चकाकणारी.

नाद खुळा. जाळ अन् धूर संगटच.

मी आपला खाली उभा राहून एवढंच शोधत होतो की या फ्लेक्सवर उजेड येतोय कुठून? नागाच्या फण्यावर तो डावीकडून आलाय. साहेबांच्या तोंडावर समोरून, कारण तो फोटो कुठल्याशा मंगल कार्यालयात फ्लॅश मारून काढलेला. अक्षरांची सावली खाली उजवीकडं पडलीय, म्हणजे त्यांचा सूर्य वर डावीकडं. मागचा पिवळा गोल तर पाठीमागूनच पेटलाय. आणि खाली कोपऱ्यात देवळाचा जो फोटो चिकटवलास तो भर दुपारी बाराचा, सावली पायाखाली. एका चौकटीत एवढे सूर्य कधी उगवले नव्हते भावा. आपल्या भागात श्रावणात एक सूर्य दिसायची मारामार असते.

ग्रेडियंट ही काही वाईट वस्तू नाही, हे तुझ्याआधी मीच सांगतो. जगात सपाट रंग फार थोडे. घराच्या भिंतीला एकच डिस्टेंपर मारला तरी खिडकीजवळ ती उजळ आणि कोपऱ्यात गडद दिसते. हांडा गोल आहे हे डोळ्याला कळतं ते त्याच्या अंगावर उजेडाकडून सावलीकडं रंग हळूहळू बदलतो म्हणून. तेव्हा जो कुणी रंग असा उतरत नेतो तो न बोलता सांगत असतो की उजेड इकडून आलाय आणि वस्तूला अमुक आकार आहे. तू रोज शंभरदा ही साक्ष देतोस. शंभरही वेळा खोटी.

ती देतोस कशी तेही मला माहीत आहे. तुझ्या पाठीमागच्या बाकावर बसून पाहिलंय. कीबोर्डवर 'जी' दाबायचा, माउस एका टोकाला टेकवायचा, दुसऱ्या टोकापर्यंत ओढायचा, सोडायचा. झाला फ्लेक्स. फोटोशॉपनं या हत्यारात सरळ, गोल, कोनातला, आरशातला आणि चौकटीच्या हिऱ्यासारखा असे पाच प्रकार दिलेत. कोरलड्रॉमध्ये हेच काम 'फाउंटन फिल' करतं. तुमच्या दुकानात अजून फोटोशॉप ७.० चालतं, २००२ सालचं. त्याला मी नावं ठेवत नाही, जुनं ते चांगलं चालतं. पण त्यातली तयार रंगपेटी उघडून बघ. 'व्हायोलेट, ऑरेंज' नावाचा डबा कंपनीनंच भरून दिलाय. म्हणजे ज्या जांभळ्या-केशरीला तू 'आपली स्टाइल' म्हणतोस, ती अमेरिकेतल्या कुणीतरी नमुना म्हणून ठेवली होती. दुकानदार डब्यावर चव बघायला चिमूटभर ठेवतो आणि गिऱ्हाईक त्याचंच जेवण करतं, असा प्रकार. त्याच पेटीत 'यलो, व्हायोलेट, ऑरेंज, ब्लू' आहे. तो तू गणपतीसाठी राखून ठेवलायस, हे गेल्या भाद्रपदात कळलं.

आता जरा तुझ्या हिशोबाकडं वळू. दोन रंग दिले की बरोबर मधला रंग यंत्र काढतं तो बेरीज करून दोनानं भागून. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिघांचे आकडे, शून्यापासून २५५ पर्यंत. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. शुद्ध पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. यांच्या बरोबर मध्यावर काय येतं? तिन्ही आकडे सारखेच, सव्वाशेच्या आसपास. आणि तिन्ही सारखे म्हणजे राख. निळ्याकडून पिवळ्याकडं जाताना वाटेत हिरवळ लागेल असं ज्याला वाटतं, त्याला मधोमध स्मशान लागतं. शाळेत पाण्याच्या रंगात निळा-पिवळा कालवून हिरवा केलेला असतो, म्हणून हा धक्का. रंगाचं गणित वेगळं, उजेडाचं वेगळं. तुझ्या 'जल्लोष' नावाच्या कबड्डी स्पर्धेच्या फ्लेक्सवर निळ्या-पिवळ्याच्या मधोमध जो मळकट पट्टा होता आणि जो बघून मंडळाचे अध्यक्ष 'पावसानं खराब झाला का?' म्हणाले, तो पाऊस नव्हता.

तीच गत १५ ऑगस्टची. केशरी एका टोकाला, हिरवा दुसऱ्या टोकाला, आणि मधला पांढरा टाकायला तू विसरलास. केशरी आणि हिरव्याची सरासरी शेवाळी येते, पांढरी येत नाही. झेंडावंदनाला जमलेल्या लोकांच्या मागं तो शेवाळलेला तिरंगा उभा होता, आणि गुरुजी भाषणात शांततेचं प्रतीक असलेल्या पांढऱ्या रंगाबद्दल बोलत होते.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. रंगपट्टीच्या खाली मध्यावर एक टिचकी मारली की तिथं तिसरा रंग बसवता येतो. निळ्या-पिवळ्याच्या मध्ये उजळ हिरवा ठेव, केशरी-हिरव्याच्या मध्ये पांढरा. अडाण्यालाही जमेल. यंत्राच्या बाजूनंही लोकांनी डोकं चालवलंय. ब्योर्न ओटोसन नावाच्या एका स्वीडिश माणसानं डिसेंबर २०२० मध्ये 'ओकेलॅब' नावाची रंगमोजणी लोकांपुढं ठेवली. आकड्यांच्या बेरजेऐवजी डोळ्याला रंग कसा जाणवतो त्या हिशोबानं ती मधले रंग काढते. पुढच्या वर्षभरात फोटोशॉपच्या नव्या आवृत्तीत ग्रेडियंटसाठी 'परसेप्चुअल' नावाचा पर्याय आला, तो याच मोजणीवर चालतो. हे तुझ्या ७.० मध्ये नाही. पण तिसरा रंग बसवायची सोय ७.० मध्येही आहे, आणि तेवढी टिचकी मारायला परवाना लागत नाही.

पट्ट्यांचं प्रकरण मात्र याहून गंभीर आहे, तिथं मी जरा थांबणार.

मागच्या डिसेंबरात तू एक श्रद्धांजलीचा फ्लेक्स केलास. गंभीर काम, म्हणून काळ्यातून गडद राखाडीत जाणारी पार्श्वभूमी. कल्पना चांगली होती, खरंच. पण भिंतीवर लागल्यावर त्या काळ्यात उभे पट्टे दिसायला लागले, एकापुढं एक, जणू कुणी काळे पडदे शिवून टांगलेत. घरचे म्हणाले, मशीन खराब. तू म्हणालास, मीडिया (म्हणजे फ्लेक्सचं कापड) खराब. कुणीच खराब नव्हतं. तू वीसपासून साठपर्यंतचे आकडे घेतले होतेस. म्हणजे वीसपासून साठात जायला यंत्राकडं चाळीस पायऱ्या. फ्लेक्स वीस फूट रुंद, म्हणजे २४० इंच. भाग: एकेक पायरी सहा इंचांची. सहा इंच रुंदीचा एकाच रंगाचा पट्टा, मग पुढचा सहा इंच, मग त्याच्या पुढचा. मोबाइलच्या स्क्रीनवर तेच चित्र गुळगुळीत दिसतं, कारण तिथं पायरी अगदी अरुंद असते.

त्यात माणसाचा डोळा चहाडखोर. दोन सपाट छटा शेजारी आल्या की त्यांच्या सीमेवर तो आपल्या पदरचा उजेड-अंधार घालून ती रेघ आणखी ठळक करतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं १८६५ सालीच हे दाखवलं, आणि ते पट्टे आजही त्याच्याच नावानं ओळखले जातात. म्हणजे तुझा फ्लेक्स अर्धा तू बिघडवलास आणि अर्धा बघणाऱ्यानं.

फोटोशॉपमध्ये ग्रेडियंटच्या वरच्या पट्टीत 'डिदर' नावाची एक चौकट असते. ती खूण केलेली असली की यंत्र सीमेवरचे ठिपके थोडे विस्कटून टाकतं, त्यामुळं रेघ दिसत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर वरून एक-दोन टक्के 'नॉइज' टाकायचा, म्हणजे बारीक रवाळपणा. वीस फुटांवरून तो कुणाला दिसत नाही, पट्टे मात्र मोडतात. हे तू केलंही असशील. पण मग ती फाइल तू प्रिंटिंगवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीस! व्हॉट्सॲप फोटो चेपून पाठवतं. जेपीजी चेपताना चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून आतला बारीक रवा आधी उडवला जातो. म्हणजे ज्या रव्यानं पट्टे मोडले होते तोच रवा वाटेत सांडला, पट्टे परत उभे राहिले आणि सोबत चौकोनही आले. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवता येते. फोटो जोडायच्या चिन्हावर बोट ठेवलं की तसा पर्याय लिहिलेलाच असतो.

निळ्याचं दुःख वेगळंच. स्क्रीनवर निळा उजेडातून होतो, मशीनवर तो निळसर आणि गुलाबी शाईतून करावा लागतो. स्क्रीनचा झगझगीत निळा शाईला झेपत नाही, म्हणून तो जांभळा उतरतो. पोपटी हिरवा तर निम्मा मरतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंचं निळं जाकीट वांगी कलरचं झालं तेव्हा तू 'शाई संपत आली होती' असं सांगितलंस. भाऊंनी विश्वास ठेवला. भाऊ भले आहेत.

आता तुझी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणशील काका एकतर्फी लिहितात. गिऱ्हाईक संध्याकाळी सातला येतं आणि सकाळी सहाला फ्लेक्स बांबूवर हवा असतो. फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीतून उचललेला, तोही ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच. नावं एकेक करून फोनवर येतात, पहाटे दोनपर्यंत. 'आमच्या आण्णांचा फोटो दादांच्या फोटोपेक्षा अर्धा इंच लहान का?' या प्रश्नावर एकदा तुझ्या दुकानात हातघाई व्हायची बाकी होती. आणि तू साधी, एकरंगी पार्श्वभूमी दाखवलीस की ठरलेलं वाक्य येतं: "फिकं वाटतंय, जरा उठाव आण की!" उठाव म्हणजे काय ते कुणालाच सांगता येत नाही, पण जांभळ्यातून केशरी ओढलं की "आता कसं!" म्हणून मान हलते. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा सहआरोपी बरेच आहेत. त्यांचे फोटो फ्लेक्सवरच आहेत, शोधायला लांब जायला नको.

शिवाय आता तू तरी माउस ओढतोस. नव्या पोरांना तेवढंही करावं लागत नाही. मोबाइलवर पिक्सललॅब उघडायचं, यूट्यूबवरून कुणाची तरी तयार पीएलपी फाइल उतरवायची, नाव आणि तोंड बदलायचं, झालं. त्यामुळं शिराळ्यातल्या आणि सोलापुरातल्या पोराच्या वाढदिवसाला उजेड एकाच कोपऱ्यातून, एकाच जांभळ्यातून येतो.

तुझ्या आधी या गावांत पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं फळकूट, तमाशाचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती. तेही शेड मारायचे. अक्षराला खाली गडद, वर फिकं, मध्ये ओला ब्रश फिरवून दोन्ही रंग एकमेकांत मुरवायचे, आणि रंग सुकायच्या आत ते करावं लागायचं. चुकलं तर घासलेटानं पुसून पुन्हा. म्हणून शेड मारण्याआधी माणूस दोन पावलं मागं जाऊन बघायचा. तू मागं जात नाहीस, कंट्रोल-झेड मारतोस.

आणखी मागं गेलं तर लाज वाटेल इतकं काम दिसतं. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवायचे. कापडावरचं आकाश रंगमंचाच्या दिव्यात खरं वाटलं पाहिजे, तर रंग कुठं उतरवायचा याचा त्यांना विचार करावा लागे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथं देवीच्या गालावरचा उजेड दगडावर ठिपके देऊन उतरवायचे, प्रत्येक रंगाला निराळा दगड. तोंडाची एक बाजू उजळ करायची तर किती दगडांवर किती ठिपके विरळ करायचे हा हिशोब कारागिराच्या डोक्यात. रघुवीर मुळगावकरांनी कॅलेंडरवरच्या आणि दिवाळी अंकांवरच्या देवांना स्प्रेनं जी कांती आणली, ती आपल्या आजीच्या देवघरात अजून टांगलेली आहे. तिकडं जपानात लाकडी ठोकळ्यांवरून चित्रं छापणारे लोक ओल्या ठोकळ्यावर शाई हातानं पुसत आकाश उतरवायचे. प्रत्येक कागदासाठी पुन्हा नव्यानं, कारण प्रत्येक छापाला शाई नवी लागायची. यातल्या कुणालाही रंग उतरवणं फुकट पडत नव्हतं, म्हणून तो गरजेच्या जागीच उतरायचा. तुला पडतं. तिथंच सगळा घोटाळा झाला.

पण एवढ्या लांब कशाला? आपल्याच गावात समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे, शके १५७६ मधला. त्या मूर्तीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना झरोके ठेवलेत आणि सूर्योदयाला, सूर्यास्ताला उजेड मारुतीच्या मुखावर पडतो, असं इथं लहान पोरही पाहुण्याला सांगतं. ज्यानं ते झरोके ठेवले त्यानं आधी कुठंतरी उभं राहून ठरवलं असणार की उजेड इकडून यावा. त्याच मारुतीच्या जयंतीचा तुझा फ्लेक्स मी बघितला. मूर्तीच्या मागं गोल हिरवा ग्रेडियंट, अंगावर लाल-पिवळा, आणि डोळ्यांतून दोन निळे किरण. झरोके कापून टाकलेस, कारण ते 'फ्रेममध्ये बसत नव्हते'.

आणि नाग. ग्रेडियंटराव, नागाला तरी सोडायचंस. श्रावण शुद्ध पंचमीला जिवंत नागाची पूजा, ही या गावाची ओळख. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा, मग उच्च न्यायालयाचा आदेश, आणि पूजा प्रतिमेवर आली. त्यावर गावात वाद आहेत, ते इथं नकोत. पण एवढं खरं की प्रतिमेचं काम आता वाढलंय, आणि प्रतिमा कोण बनवतो? तू. म्हणजे गावानं नकळत नागाची जबाबदारी तुझ्यावर टाकली, आणि तू त्याला हिरव्यातून निळ्यात ओढलंस. आपल्याकडचा नाग गव्हाळ असतो, कुठं तांबूस तपकिरी, कुठं काळपट. फण्याच्या पाठीवर दहाचा आकडा. पाठीवरून पोटाकडं त्याचा रंग असा उतरत जातो की तुझ्या ७.० ला जन्मात जमणार नाही, आणि तो उतार असतो तो अंगाची गोलाई दाखवणारा. तू त्याच्यावर पोपटी थर दिलास, त्याखाली आकडा गडप झाला. गोरक्षनाथांनी मातीच्या नागात जीव घातला, अशी इथली कथा. तू जिवंत नागाच्या फोटोतला जीव काढून दाखवलास. चमत्कार दोन्ही मोठेच.

जिवंत नागाला हात लावला तर वनखातं येतं. फोटोतल्या नागावर ग्रेडियंट ओतायला कुठलं खातं अडवत नाही. नाही म्हणायला फ्लेक्सनाही कायदा आहे. मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ चा, आणि बेकायदा फलकांविरुद्धची नावाजलेली जनहित याचिका आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातली आहे. सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा विरुद्ध जिल्हाधिकारी, सातारा. याचिका २०११ ची, निकाल ३१ जानेवारी २०१७ चा, मुंबई उच्च न्यायालयाचा. त्यात परवानगी, जागा, कारवाई सगळं आहे. रंगाबद्दल एक अक्षर नाही. न्यायमूर्तींनी बहुधा विचार केला असेल की इतकं तर कुणी करणार नाही.

तू म्हणशील, काका, मग ग्रेडियंट वापरायचाच नाही का? वापर की. चांदोलीकडं जा एकदा, पाऊस उघडल्यावर, मागच्या रांगा दिसायला लागल्या की. जवळचा डोंगर गडद हिरवा, त्यामागचा निळसर, त्यामागचा आणखी फिका, शेवटचा आभाळात मिसळलेला. मध्ये जेवढी हवा जास्त तेवढा निळा उजेड जास्त विखुरतो, म्हणून लांबचं निळं आणि फिकं. आभाळही डोक्यावर गडद निळं आणि क्षितिजाकडं पांढुरकं. तू मात्र जिथं आभाळ घालतोस तिथं क्षितिज काळं करतोस आणि डोक्यावर उजेड पाडतोस. उलटा ओढतोस रे! शिफ्ट धरून सरळ, पण उलटा. आणि ग्रेडियंट मास्क नावाची चीज आहे तिचं काय? फोटो एका बाजूनं विरत नेऊन दुसऱ्यात मिसळायला याहून चांगलं काही नाही. आभाळ जास्त उजळलं असेल तर नुसतं आभाळ खाली आणायला हीच कामाला येते, खालच्या शेताला धक्का न लावता. तू ती वापरतोस फक्त साहेबांना कमरेपासून ढगात विरवायला. साहेबांना पाय आहेत, मी पाहिलेत, मतदानाच्या आधी ते पायीच येतात.

अजून बरंच आहे. सोनेरी अक्षरांबद्दल वेगळं पत्र लागेल, आणि साहेबांना गोरं करण्याबद्दल तर साहेबांनाच विचारायला हवं. एक मात्र मान्य करतो. तुझ्या फ्लेक्सचं कापड भक्कम असतं. पंचमी झाल्यावर तो खाली उतरला तो आमच्या शेजाऱ्यांनी कडब्याच्या गंजीवर टाकला. पाऊस अजिबात आत जात नाही. फक्त म्हैस त्या बाजूला तोंड करून बांधत नाहीत.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात आमच्या घरची वास्तुशांत आहे. दारात लावायला चार बाय तीनचा बोर्ड हवा. पार्श्वभूमी एकच रंग, पांढरा किंवा फिका पिवळा, तू सांगशील तो. अक्षरं काळी, सावली नको, सोनं नको, उजेड नको, आमच्या ओसरीवर दुपारी चारनंतर ऊन येतं तेवढं पुरे. फोटो कुणाचाच नको. कोपऱ्यात तुझं नाव आणि नंबर टाक, पण काळ्याच शाईत. मजकूर सोबत जोडलाय, श्रीलिपीत टाइप केलास की मला दाखव, 'वास्तुशांती'तला ऱ्हस्व-दीर्घ मागच्या वेळी चुकला होता. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव. रेट नेहमीचाच लाव. ग्रेडियंट नाही म्हणून कमी कर असं मी म्हणणार नाही, आणि उठाव नाही म्हणून तूही जास्त मागू नकोस.

आपला,
फ्लेक्सखालून रोज जाणारा एक शिराळकर